तिच्याशी दिवसभर कोण बोलते?

मोहाचे दिवस होते. एटापल्ली तालुक्यातील एका गावात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे मी दोन दिवस राहायला गेले होते. बी.ए.ला तिने मराठी वाङ्मय हा विषय घेतला होता आणि तीन वर्षे ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत असे. आता ती आपल्याच गावात अंगणवाडी सेविका आहे. मी गेले त्या दुसऱ्या दिवशी मुलांची वजने घ्यायची होती. गावातील निम्म्याहून अधिक बायका पहाटेच टोपल्या घेऊन मोह वेचायला गेल्या होत्या. त्यामुळे मुलांना घेऊन आल्या होत्या त्या बहुतेक आज्या.

एक आजी दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. बाळाला काट्याच्या झोळीत बसवले. त्याने आधी दोरी पकडली, मग वर काट्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा रडवेला झाला. आजीने टाळूला जीभ लावून एक आवाज काढला. बाळ थांबले. तिने पुन्हा तोच आवाज काढला. या वेळी बाळाने ओठ हलवून काहीतरी उत्तर दिले. मग आजी माडियात त्याच्याशी बोलू लागली. तिचे वाक्य संपले की बाळ हुंकार देई, बाळाचा हुंकार संपला की ती पुढचे वाक्य बोले. वजन सात किलो भरले. दहा महिन्यांच्या मुलाच्या मानाने ते कमीच. माझ्या विद्यार्थिनीने नोंदवहीत वजन लिहिले, उंची लिहिली, दंडघेर लिहिला. बाळ आजीच्या कडेवर बसून निघून गेले.

त्या नोंदवहीत जे लिहिले गेले ते अत्यंत आवश्यक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आमच्या या दोन जिल्ह्यांत बालक हा विषय निघाला की आधी वजन निघते, आणि त्याला सबळ कारण आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंचे जे चित्र मांडले, त्याने अनेकांची झोप उडाली होती. त्याआधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यातून तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली ‘लॅन्सेट’ने तो शोधनिबंध छापला. पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. मूल आधी जगले पाहिजे. पण जगलेल्या मुलाचे डोळे, कान, त्वचा, जीभ यांना दिवसभरात काय मिळते, हा प्रश्न मात्र आमच्याकडे क्वचितच कोणी विचारते. मलाही तो सुचला नव्हता. एका डॉक्टरांनी तो मला विचारला, आणि तोही फार उशिरा.

माझी मुलगी 2011 साली चंद्रपूरला जन्मली. त्या वेळी मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. सकाळी साडेसहाची एसटी पकडून गडचिरोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जायचे आणि संध्याकाळी परतायचे. ती सात महिन्यांची असताना मी पुन्हा रुजू झाले. मुलीला सांभाळायला एक बाई ठेवल्या होत्या. बाई अतिशय स्वच्छ, वेळेवर भरवणाऱ्या, पण अबोल. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दारे-खिडक्या बंद, कूलर सुरू, आणि त्या आवाजात ऐकू यावा म्हणून मोठ्याने लावलेला टीव्ही. आम्ही मुलीसाठी खेळणी पुष्कळ आणली होती. पाळण्यावर फिरणारी रंगीत फुलपाखरे होती, कळ दाबली की इंग्रजी गाणी म्हणणारा प्लास्टिकचा हत्ती होता. खोली रंगांनी आणि आवाजांनी भरून गेली होती. तिच्या इंद्रियांना आम्ही काही कमी पडू दिले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

दोन वर्षांची झाली तरी ती सहा-सात शब्दांपलीकडे बोलेना. हाक मारली तर कधी पाही, कधी पाहत नसे. शेजारणी म्हणत, ‘काही मुली उशिरा बोलतात.’ मी वर्गात भाषेची उत्पत्ती आणि भाषेची लक्षणे शिकवत होते, आणि माझ्या घरात एक मूल मुके राहते की काय, या भीतीने मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. नागपूरला नेऊन तिचे कान तपासले. ऐकू अगदी व्यवस्थित येत होते. कागद बघून झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारावे तसे विचारले, “दिवसभर तिच्याशी कोण बोलतं?”

मला उत्तर देता आले नाही. टीव्ही बोलतो, हे सांगायची लाज वाटली.

त्यानंतर मी जे वाचले ते आधी वाचायला हवे होते. पॅट्रिशिया कुह्ल या संशोधिकेने 2003 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अमेरिकेतील नऊ महिन्यांची, घरात फक्त इंग्रजी ऐकणारी मुले घेतली. काही मुलांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून बारा बैठकींत खेळल्या, बोलल्या, त्यांना पुस्तके दाखवली. दुसऱ्या काही मुलांना त्याच व्यक्तींच्या बोलण्याचे चित्रीकरण पडद्यावर दाखवले किंवा नुसता आवाज ऐकवला. पहिल्या गटातील मुले चिनी भाषेतील सूक्ष्म ध्वनिभेद ओळखू लागली. पडद्यावर पाहणाऱ्या आणि नुसते ऐकणाऱ्या मुलांना त्यातील काहीच साधले नाही. आवाज तेच, भाषा तीच. पडद्यावरची बाई बाळाच्या हुंकारासाठी थांबत नाही, एवढाच फरक. आमचा प्लास्टिकचा हत्तीही थांबत नसे. पुढे 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने एका वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले, तेव्हा माझी मुलगी शाळेत जाऊ लागली होती.

‘उद्दीपन’ हा शब्द अभ्यासक्रमांच्या पुस्तिकांत वारंवार येतो. तो वाचून असे वाटते की बालक म्हणजे चूल आणि आपण बाहेरून फुंकर घालणारे. पण संशोधनाचा एकूण कल पाहिला तर चित्र वेगळे दिसते. इंद्रियांना अनुभवच मिळाला नाही तर मेंदूची घडण अडते, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिलांवरील प्रयोगांतून दाखवले होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पिलाचा एक डोळा बंद ठेवला, तर नंतर तो उघडूनही त्याला त्या डोळ्याने नीट दिसत नाही. डोळा निरोगी असतो, मेंदूतील त्याची जागा गेलेली असते. 1981 साली त्यांना नोबेल मिळाले. माणसाच्या मुलांच्या बाबतीत असा प्रयोग कोणी करणार नाही. पण 1989 साली रुमानियातील राजवट कोसळली आणि तेथील अनाथालये जगाला दिसली, तेव्हा तो प्रयोग निष्ठुर प्रशासनाने आधीच करून ठेवला होता असे लक्षात आले. मुलांना अन्न होते, पलंग होते, छत होते. त्यांच्याकडे पाहून बोलणारे कोणी नव्हते. 2000 सालापासून बुखारेस्टमधील अशा 136 मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींना पालक-कुटुंबांत ठेवले. साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, ती मुले उशिरा घर मिळालेल्यांपेक्षा अधिक सावरली.

स्पर्शाचेही तसेच. 1986 साली टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी 15 मिनिटे, दहा दिवस चोळले. न चोळलेल्या बाळांपेक्षा त्यांचे वजन रोज 47 टक्के अधिक वाढले. म्हणजे स्पर्श वजनकाट्यावरही दिसतो. आमच्याकडची बाळंतिणीची आणि बाळाची मालिश, पायांवर आडवे घेऊन घातलेली अंघोळ, यांकडे मी सुशिक्षित तुच्छतेने पाहिले होते. कानात तेल, डोळ्यांत काजळ, कोंडलेल्या खोलीत धुरी या गोष्टींविषयीचा डॉक्टरांचा विरोध योग्यच आहे. पण त्यांच्याबरोबर मी सगळेच टाकून दिले होते.

नागपूरहून परतल्यावर आम्ही सासूबाईंना मूल तालुक्यातील गावाहून बोलावून घेतले. त्या धानाच्या शेतीत राबलेल्या, शाळा दोन इयत्तांची. त्यांनी पहिल्याच दिवशी टीव्हीवर कापड टाकले. मला म्हणाल्या, “तिच्यासंगं बोलत राह्य व. तिले सारं समजते.” आणि त्या स्वतः बोलत राहिल्या. तांदूळ निवडताना मुलीचा हात तांदळात खुपसून ठेवायच्या. चिंच दाखवायच्या, चाटवायच्या, तिचे तोंड वाकडे झाले की आपलेही करायच्या. कढीपत्ता चुरगाळून तिच्या नाकाशी धरायच्या. पिठाच्या गोळ्याची चिमणी करायच्या आणि ती चिमणी काय म्हणते ते मुलीला विचारून थांबायच्या. त्यांचे ते थांबणे मला अजून आठवते. उत्तर येणारच, अशा खात्रीने त्या थांबत.

तीन-चार महिन्यांत मुलगी बोलू लागली. यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात, कदाचित तीही बोललीच असती. पण तिचे पहिले पूर्ण वाक्य मला आठवते. ती आजीला म्हणाली, “मले पानी दे ना व.”

आणि मी काय केले? मी म्हटले, “पाणी म्हण, बाळा. पाणी.” ज्या वाक्याची मी दीड वर्ष वाट पाहत होते, ते आले आणि मी त्यातील ‘न’ सुधारायला बसले. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि ती गप्प झाली. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. सासूबाईंनी काही न बोलता तिला पाणी दिले.

‘न’ आणि ‘ण’ यांतील अंतर ज्यांना केवळ उच्चाराचे वाटते, त्यांनी मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत थोडा वेळ बसावे. या अंतरावर आपण माणसाची जात, गाव, शिक्षण सगळे तोलतो. जानेट वेर्कर यांनी 1984 साली कॅनडातील इंग्रजी घरांतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास वाचला, तेव्हा मला हे सारे पुन्हा आठवले. हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतील फरक इंग्रजी भाषक प्रौढांना सहजी कळत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतील बाळांना तो कळत होता. वर्ष पूर्ण होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता मावळली. म्हणजे बाळ जन्माला येते तेव्हा त्याचा कान जगातल्या कितीतरी भाषांना उघडा असतो, आणि पहिल्या वर्षातच तो भोवतालच्या माणसांच्या भाषेवर स्थिरावतो. आपल्या ‘चार’मधील च आणि ‘चारा’मधील च वेगळे आहेत; ‘जग’ आणि ‘जागा’ यांतील ज वेगळे आहेत. देवनागरीत त्यांना वेगळी अक्षरे नाहीत आणि घरात ते कोणी शिकवत बसत नाही. तरी मराठी घरातील मूल शाळेत जाण्याआधी त्यांत सहसा चूक करत नाही. हे त्याने आज्यांकडून, मावश्यांकडून, भाजीवालीकडून घेतलेले असते.

आता पुन्हा एटापल्लीकडे येते. वजने झाल्यावर तीन-चार वर्षांची मुले बसली. भिंतीवर चित्रांचा तक्ता होता. माझ्या विद्यार्थिनीने, मी आले आहे म्हणून असेल, मराठीत विचारायला सुरुवात केली. घागरीतून पडणाऱ्या पाण्याच्या चित्रावर बोट ठेवून तिने एका मुलाला विचारले, “हे काय आहे?” मूल गप्प. पुन्हा विचारले. मुलाने मान खाली घातली. एखाद्या पाहुण्या अधिकाऱ्याने त्या वेळी नोंद केली असती तर ‘मूल प्रतिसाद देत नाही’ अशी केली असती. मग ती त्याच्याजवळ खाली बसली आणि तोच प्रश्न तिने माडियात विचारला. मुलगा म्हणाला, “एर.” त्यानंतर तो थांबेना. नदीकडे बोट दाखवून त्याने पुष्कळ काही सांगितले. मला त्यातील एक अक्षरही कळले नाही. मीच आता प्रतिसाद देत नव्हते.

जंगलातील मुलांना निसर्गाने सगळे दिले आहे, त्यांना वेगळे काय द्यायचे, असे आमच्या शहरांतील पाहुणे म्हणतात. मोहाचा वास, नदीची वाळू, पहाटेचे पक्षी, पाठीला बांधलेल्या बाळाला लागणारी आईची ऊब आणि तिच्या चालण्याची लय, हे सगळे खरे आहे. पण मलेरियाने फणफणलेले, अर्धपोटी मूल हात पुढे करत नाही. ते वस्तूकडे ओढ घेत नाही, म्हणून मोठी माणसेही त्याच्याशी कमी बोलतात, आणि ते आणखी मिटते. पोट आणि इंद्रिये यांची अशी गाठ आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात 129 खुरटलेल्या बालकांवर झालेला आणि 1991 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच गाठीविषयी आहे. काहींना दोन वर्षे पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एक तास जाई, घरीच बनवलेली खेळणी नेई, आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. दोन्हींचा उपयोग झाला आणि दोन्ही ज्यांना मिळाले त्यांना सर्वाधिक झाला. वीस वर्षांनंतर पाहिले, तेव्हा खेळ आणि बोलणे मिळालेल्या मुलांची कमाई इतरांपेक्षा 25 टक्के अधिक होती. हे सगळे आठवड्यातील एका तासाने साधले.

महाराष्ट्राला ही गोष्ट जमैकाकडून शिकण्याची गरज नव्हती. गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. माँटेसरीची लाकडी साधने महाग होती. या दोघींनी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. इंद्रियांचे शिक्षण त्यांनी गावात पडलेल्या वस्तूंवर उभे केले. मुले केंद्रात येईनात, तेव्हा त्या मुलांच्या अंगणात गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथलाच. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला खरा, पण अंगण मागे राहिले की काय, असे कधी कधी वाटते. कारण अंगण म्हणजे नुसती जागा नव्हे. तेथे मुलाच्या भाषेत बोलणारी माणसे असतात.

2024 साली केंद्र शासनाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला आहे. त्यात महिनावार खेळ आणि कृती आहेत: बाळाच्या डोळ्यांत पाहा, त्याच्या आवाजाला उत्तर द्या, भांडी वाजवू द्या, वेगवेगळे स्पर्श द्या. मला तो मनापासून आवडला. माझ्या मुलीच्या वेळी तो हातात असता तर, असेही वाटले. रात्री माझी विद्यार्थिनी त्यातील कृतींची यादी घेऊन बसली. तिला त्या माडियात उतरवून घ्यायच्या होत्या, आणि तिने माझी मदत मागितली. मी मराठीची एम.ए., पंधरा वर्षांहून अधिक काळ अध्यापन. मी तिच्यासाठी काहीही करू शकत नव्हते. वाक्य सोपे करून देत होते, एवढेच.

शेवटी तिने आईला बोलावले. दिवसभर मोह वेचून आलेली ती बाई भिंतीला टेकून बसली. लेक मराठी वाक्य वाचून त्याचा अर्थ माडियात सांगायची, आई ऐकायची आणि दर वेळी हसायची. मी विचारले, हसतात कशाला? विद्यार्थिनी म्हणाली, “ती म्हणते, हे तर आम्ही करतोच. पण मोहाच्या दिवसांत घरी कोण असतं, ते कागदात लिहिलंय का?”

ते कागदात लिहिलेले नव्हते. आज्या आहेत तोवर निभते. ज्या घरी आजी नाही, तेथे सात-आठ वर्षांची बहीण शाळा सोडून बाळ सांभाळते. मला माझी साडेसहाची एसटी आठवली. नोकरी करणाऱ्या बाईच्या आणि मोह वेचणाऱ्या बाईच्या अडचणीत फार अंतर नाही. अंतर एवढेच की मला गावाहून सासूबाईंना बोलावता आले आणि त्या आल्या.

सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी आता माझ्याशी पुस्तकी मराठीत आणि मैत्रिणींशी हिंदी-इंग्रजीत बोलते. परवा उन्हातून घरी आली आणि स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, “मले पानी दे ना व.” ती थट्टेने म्हणाली की तहानेने तोंडातून निघून गेले, हे मी विचारले नाही. पेला भरून दिला.